दिवा कुणासाठी?

रात्री कापूरहोळच्या फाट्यावर उतरले की दुकानांचे, हॉटेलांचे पांढरे दिवे डोळे दिपवतात. दिवा म्हटला की तो लख्ख हवा, ही आपली जुनी समजूत. पण घरी काचेच्या पेटीत खारे पाणी भरून प्रवाळ वाढविण्याची हौस ज्यांना जडली आहे, त्यांनी एलईडी दिवा निवडताना ही समजूत उंबऱ्याबाहेर ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशावर अन्न तयार करून यजमानाला पोसते. समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या थरातच विरतो, निळा खोलवर पोचतो. म्हणून साधारण ४२० ते ४८० नॅनोमीटरचा निळा प्रकाश पुरेसा देणारा दिवा हवा. ल्युमेनचा आकडा माणसाच्या डोळ्यासाठी असतो, शैवालासाठी नव्हे! पिवळसर दिव्याखाली पेटी कितीही उजळ दिसो, आतला जीव अर्धपोटीच राहणार. उलट नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण तेजाने लावला, तर शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. तेव्हा तेज कमीजास्त करता येईल असाच दिवा घ्यावा, चार पैसे जास्त पडले तरी.

आणि दिव्याच्याही आधीचा प्रश्न: प्रवाळ आणला कोठून? आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. विक्रेता हसून उत्तर टाळू लागला, तर खुशाल गोड्या पाण्यातले मासे पाळा. त्यांना साधा दिवा चालतो.