पाळणा मोडून घर कसे नांदणार?

मृगाच्या पावसाने नद्यानाल्यांना पहिला लोंढा आला की, वऱ्हाडात चढणीच्या माशांची वार्ता पसरते. प्रवाहाविरुद्ध चढून आलेला मासा ओढ्यांत आणि तुंबलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतो, हे पेढी-पूर्णेकाठच्या भोयाला ग्रंथावाचून ठाऊक असते. ज्या डोहात मासा पकडला जातो त्याच डोहात तो जन्मलेला असतो असे नव्हे. हा साधा नियम समुद्रालाही लागू आहे आणि तेथे तो विसरला जात आहे. पेढी पूर्णेला, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला मिळते. तेव्हा समुद्रकाठचा हा प्रश्न भातकुलीच्या वाचकालाही सर्वस्वी परका नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे. त्याच्या रक्षणासाठी 1987 साली सुमारे 29 चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. स्थानिक मच्छीमारांनी त्यास प्रारंभापासून विरोध केला आणि उपजीविकेची त्यांची चिंता अनाठायी नव्हती. परंतु या वादात एक मूलभूत गोष्ट मागे पडली. प्रवाळावर दिसणारे सगळेच मासे प्रवाळावर लहानाचे मोठे होत नाहीत. तांबोशीचेच उदाहरण घ्यावे. तिची पिले खाडीमुखांत आणि कांदळवनांत वाढतात व मोठी झाल्यावर खोल पाण्यातील खडकांकडे व प्रवाळाकडे जातात. तिवर आणि चिप्पी यांच्या मुळांच्या दाटीत मोठ्या शिकारी माशांना सहज शिरता येत नाही आणि कुजणाऱ्या पानांवर पोसलेल्या सूक्ष्म जीवांमुळे अन्नही विपुल मिळते. आश्रय आणि अन्न दोन्ही एकत्र असलेली अशी जागा म्हणजे माशांचे पाळणाघरच होय.

हा केवळ तर्क नाही. बेलीझ व मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर झालेले संशोधन 2004 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. समृद्ध कांदळवनांशी जोडलेल्या प्रवाळांवर व्यापारी महत्त्वाच्या कित्येक जातींच्या माशांचे एकूण वजन दुपटीहून अधिक असल्याचे त्यात आढळले. कांदळवने तोडली गेल्यावर पोपटमाशाची एक मोठी जात तर काही ठिकाणांहून नाहीशीच झाली. अर्थात, तेथील आकडे जसेच्या तसे कोकणास लावणे योग्य नव्हे. कॅरिबियन समुद्रात भरती-ओहोटीचे अंतर अल्प असते. कोकणात ओहोटीला मुळांखालचा चिखल उघडा पडतो व पिलांना खाडीच्या पात्रात परतावे लागते. म्हणूनच येथे केवळ झाडे राखून भागणार नाही; खाडीचे पात्र, तिचे मुख आणि भरतीची वाट हीदेखील राखावी लागेल.

या दिशेने काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 साली कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि 2018 च्या निकालात त्यांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावरील आघात मानला. राज्य शासनाने 2012 साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. परंतु कागदावर प्रवाळ एका खात्यात, खाजण दुसऱ्या खात्यात आणि मासेमारी तिसऱ्याच खात्यात राहते. माशाला ही खाती ठाऊक नसतात. कोळंब वा कर्लीच्या खाडीकाठी भराव पडला, तर त्याचा परिणाम काही वर्षांनी समुद्रातील जाळ्यात दिसेल. आणि तोपर्यंत कारण व परिणाम यांचा संबंध जोडणारा कोणी उरलेला नसेल.

भरपाईच्या वृक्षारोपणाचा विचारही याच कसोटीवर घासून पाहिला पाहिजे. खाडीतील तिवरांच्या बदल्यात दूरच्या माळरानावर साग लावला, तर हिशेबातील झाडांची संख्या भरून येईल. तांबोशीचे पिलू मात्र तेथे वाढणार नाही. पाळणाघराचे मोल त्याच्या जागेत आहे.

खाजणाला ओसाड म्हणण्याची सवय जुनी आहे. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्या भातकुलीकराला, जमीन खारी म्हणून तिला निकामी ठरविण्यातील अन्याय निराळा समजावून सांगावयास नको. शासनाने मालवणचे प्रवाळ आणि आसपासच्या खाड्या यांचा एकच आराखडा करावा, खासगी खाजणाच्या मालकाला ते राखण्याचा मोबदला द्यावा आणि मच्छीमाराला या आराखड्यात गुन्हेगार न मानता भागीदार मानावे. बंदीचा भार आज ज्याच्यावर पडतो, उद्याच्या वाढीव माशाचा पहिला हक्कही त्याचाच असला पाहिजे. नाहीतर घराला पहारा आणि पाळण्यावर कुऱ्हाड, असाच हा कारभार चालू राहील.