बाया मोजायच्या कुणी?

बाई कामावर गेली की कायदा आधी तिच्या शेजारी किती माणसे उभी आहेत ते मोजतो. १० कामगार नसतील तर लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती नाही. ५० नसतील तर पाळणाघर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी असे काही दुसरे आकडे आणखी वर नेले. विजेवर चालणारा कारखाना पूर्वी १० कामगारांवर 'कारखाना' ठरत होता, आता २० लागतात. केंद्राच्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातला २० चा आकडा आता ५० झाला.

मी पोलादपूर तालुक्यात कापडे परिसरात काम करते. इथल्या बाया बांधकामावर घमेली उचलतात, महाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराकडे झाडलोट करतात. एका मुकादमाकडे सहाजणी, दुसऱ्याकडे आठजणी. काम एकाच मालकाचे, पण कागदावर त्या कधी १० होतच नाहीत. छळाची तक्रार करायची तर जिल्ह्याची स्थानिक समिती. अलिबाग इथून १०० किलोमीटरच्या पलीकडे! तालुक्यात तक्रार घेणारा समन्वय अधिकारी असावा असे २०१३ चा कायदा सांगतो. पण त्याचे नाव ठाऊक असलेली बाई मला अजून भेटायची आहे.

"लहान मालकाला हे परवडत नाही," असे आम्हाला ऐकवले जाते. हा युक्तिवाद जुनाच आहे. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर वर्षभराने, १९२८ साली, मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला उत्तर दिले होते. मोठा भार सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमाचा फायदा मालक घेतो, म्हणून त्यानेही वाटा द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. मग आज लहान मालकाच्या अडचणीची किंमत एकट्या मजूर बाईने का मोजावी? सरकारने वाटा उचलावा आणि आकड्यांची अट काढावी, ही आपली मागणी हवी.

तोवर हातात काय आहे? २०१९ च्या वेतनसंहितेत किमान वेतन आणि समान कामाला समान वेतन यांना माणसांच्या संख्येची अट नाही. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. दावा ३ वर्षांपर्यंत करता येतो आणि मजुरी दिली हे मालकाने सिद्ध करायचे असते. पण बाई कामावर होती, हेच तो नाकारतो! मस्टर त्याचे, पेनही त्याचेच.

म्हणून मैत्रिणींनो, प्रत्येक गटाने आपली हजेरी-वही ठेवावी. तारीख, काम, जागा, मुकादमाचे नाव, मिळालेले पैसे, आणि सोबतच्या दोघींच्या सह्या किंवा अंगठे. मुकादमागणिक वेगळ्या वह्या नकोत. एका मालकाच्या सगळ्या बाया एकाच वहीत याव्यात. सहा आणि आठ मिळून चौदा होतात, हे आधी आपल्याला दिसू दे. मग ते कामगार अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवू.