जोडीचे यश

जबलपूरच्या ग्वारीघाटावरून नर्मदेच्या पैलतीरावरील गुरुद्वाराकडे भाविकांना घेऊन नावा जात-येत असतात. दोन्ही बाजूंची वल्ही एका लयीत पडली, तरच नाव सरळ जाते. एकाच बाजूचे वल्हे कितीही जोराने मारले, तरी ती जागच्या जागी फिरू लागते. बॅडमिंटनमधील दुहेरीचा खेळही असाच आहे.

आपल्या समाजाला मात्र प्रत्येक यशाचा एकच धनी शोधण्याची सवय आहे. एकेरी खेळणारे प्रकाश पदुकोण, सायना नेहवाल, पी. व्ही. सिंधू यांची नावे घरोघरी पोहोचली. परंतु १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धेत पुरुष दुहेरीचे कांस्यपदक मिळवणारे प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा किती जणांना आठवतात? एकेरीत मागे पडलेल्याने दुहेरीकडे वळावे, असाच समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होता. हा समज चुकीचा आहे.

दुहेरी हे एकेरीचे सोपे रूप नव्हे. हल्ला करताना एकाने पुढे आणि दुसऱ्याने मागे राहायचे, बचाव करताना दोघांनी शेजारी-शेजारी उभे राहायचे, आणि हा बदल क्षणार्धात करायचा. दोघांच्या मधून येणारे शटल कोणी घ्यायचे, हे विचारायलाही सवड नसते. तिथे केवळ मनगटाची ताकद पुरत नाही. जोडीदाराचे मन ओळखावे लागते.

मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्र प्रदेशातील अमलापुरमचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी यांची कारकीर्द याची साक्ष देते. २०१६ साली मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी त्यांची जोडी जमवली. दोघांचाही पिंड मागून जोरदार फटके मारण्याचा होता. जोडी टिकावी म्हणून चिरागने जाळ्याजवळचा खेळ आत्मसात केला. आपली आवड थोडी बाजूला ठेवणे, ही कमजोरी नसून कौशल्य आहे.

फळ लगेच मिळाले नाही. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी तीनपैकी दोन सामने जिंकले, पुढे सुवर्णपदक मिळवणाऱ्या तैवानच्या जोडीलाही हरवले. तरीही गटातून पुढे जाता आले नाही. पण त्यांनी एकमेकांना दोष दिला नाही. २०२२ मध्ये भारताने प्रथमच थॉमस चषक जिंकला, तेव्हा अंतिम लढतीतील त्यांचा विजय मोलाचा ठरला. २०२३ साली त्यांनी आशियाई क्रीडास्पर्धेत भारताला बॅडमिंटनमधील पहिले सुवर्ण मिळवून दिले आणि जागतिक क्रमवारीत अग्रस्थान गाठले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मलेशियाच्या जोडीने त्यांना उपांत्यपूर्व फेरीत रोखले. पुढच्याच वर्षी त्याच शहरात, त्याच जोडीला हरवून त्यांनी जागतिक स्पर्धेतील आपले दुसरे कांस्यपदक निश्चित केले.

या व्यवसायात जोखीमही मोठी आहे. क्रमवारी जोडीची असते. बक्षीस दोघांत वाटले जाते. एकाचा खांदा दुखावला, की निरोगी असलेल्या दुसऱ्यालाही थांबावे लागते. आपले पोट दुसऱ्याच्या प्रकृतीवर का अवलंबून ठेवावे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु असे अवलंबून राहणे कोणाला चुकले आहे? शेतात, कारखान्यात, संसारातही एकाच्या आजारपणाची झळ दुसऱ्याला लागतेच. दुहेरीचा खेळाडू हे सत्य लपवत नाही, एवढेच.

म्हणूनच दुहेरीचे शिक्षण मुलांना लहानपणापासून, तेवढ्याच आदराने दिले पाहिजे. विजयाची बातमी देताना दोन्ही नावे सारख्याच ठळकपणे घेतली पाहिजेत. यश वाटून घेतल्याने कमी होत नाही. अपयश वाटून घेता येणे, ही तर त्याहून मोठी कमाई आहे.