कुरकुर करणारी आई

मुसलमान बाई गेली की तिच्याबद्दल बोलायला आपल्याकडे एक वाक्य तयार असतं : ‘बिचारीने कधी कुरकुर केली नाही.’ माझी आई गेली तेव्हा रेवदंड्यात हे वाक्य मी निदान वीस जणांच्या तोंडून ऐकलं. बोलणाऱ्यांच्या मनात आदरच होता, पण ते खरं नव्हतं. आई कुरकुर करायची. लेखी करायची, कार्बन पेपर घालून दोन प्रतींत, आणि दुसरी प्रत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायची.

हे वाक्य आलं कुठून, याचा विचार करताना फातिमा शेख आठवल्या. सावित्रीबाई फुले आजारपणात माहेरी नायगावला होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते वाचायला मिळतं. आपल्या गैरहजेरीत शाळेचा भार फातिमावर पडला असेल, याची काळजी त्या करतात, आणि ती कुरकुर करणारी नाही असंही लिहितात. एका सहकारी शिक्षिकेने दुसरीची घेतलेली ही दखल आहे. त्यात माया आहे. अडचण अशी की फातिमांबद्दल त्यांच्या काळातलं म्हणून आपण दाखवतो ते एवढंच. २०२५च्या जानेवारीत ही बाई होती की नव्हती यावरच समाजमाध्यमांवर भांडण पेटलं, तेव्हाही ती होती म्हणणाऱ्यांनी याच ओळीवर बोट ठेवलं. त्या काय शिकवायच्या, कोणत्या मुलीवर रागवायच्या, कशासाठी कोणाशी भांडल्या, हे कोणी लिहून ठेवलं नाही. उरलं ते कुरकुर न करणं. मग तेच आपण पुढच्या सगळ्या शिक्षिकांना, आयांना, नान्यांना प्रमाणपत्रासारखं वाटत सुटलो.

आईने एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळांत शिकवलं. आम्ही कोकणी मुसलमान घरात कोकणी बोलतो, शाळेत उर्दू शिकतो आणि बाजारात, कचेरीत मराठी वापरतो. आईचं म्हणणं, मुलं मराठीला घाबरतात कारण ती आपली नाही असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं असतं. म्हणून ती मराठीचा तास वाडीतल्या शब्दांनी सुरू करायची. झाप, हीर, सोडण, पोफळ, आळं. ‘बघा, अर्धी मराठी तुम्ही घरूनच घेऊन आलात,’ असं म्हणायची. (खाडीपलीकडे कोर्लईत घरात पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारी ख्रिस्ती मुलं शाळेत मराठीतच शिकतात. त्यांचं उदाहरण ती नेहमी द्यायची.) काही पालकांना हे आवडायचं नाही. उर्दू बाटवते, अशी तक्रारही झाली. तिने उर्दूतच उत्तर लिहिलं, तेही फार देखण्या अक्षरात.

डब्यातली सर्वांत जास्त पत्रं मुलींच्या मुतारीबद्दल आहेत. नऊ. एका शाळेत पाचवीनंतर मुली गळायच्या. लोक म्हणायचे, मुसलमानांना मुली शिकवायच्याच नाहीत. आईने घरोघर जाऊन विचारलं, तर बहुतेक आयांचं एकच उत्तर : दिवसभर पोरीने जायचं कुठे? ते तिने कागदावर मांडलं, नावं न देता, इयत्तेप्रमाणे आकडे लिहून. चार वर्षांनी दोन खोल्यांची पत्र्याची मुतारी उभी राहिली. उद्घाटनाला तिला बोलावलं नव्हतं. त्याबद्दलही तिने एक पत्र लिहिलं. दहावं. आम्हा भावंडांना ते फार हसू आणायचं.

१९९५मध्ये पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली आणि मोहल्ल्यांतून अफवा फिरू लागली की या थेंबांनी पुढे मुलं होत नाहीत. देशात अनेक ठिकाणी हे झालं, आमच्याकडेही कुजबुज होती. शिक्षकांना बूथची ड्यूटी असायची, ती संध्याकाळी संपायची. आईचं खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. दार न उघडणाऱ्या घरी ती परिचारिकेला घेऊन मागच्या पडवीतून जायची, सासूशी गुडघेदुखीच्या गप्पा मारायची, आणि मग म्हणायची, ‘मी माझ्या नातवाला दिलेत, तो बघा कसा उंडारतोय.’ निवृत्तीनंतरही हे चालू राहिलं. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला त्या दिवशी तिने शेवया केल्या. ईद नसताना शेवया का, असं शेजारणीने विचारलंच.

ही सेवा सगळ्यांना आठवते. वाडीचा विषय निघाला की मात्र लोक आवाज खाली आणतात.

आजोबांची चौलच्या बाजूला नारळ-पोफळीची वाडी होती. ते गेले, वारसनोंदीत दोन मामांबरोबर आईचं नाव लागलं, आणि रिवाजाप्रमाणे तिच्यापुढे हक्कसोडपत्र आलं. बहिणीने सही करायची, भावाने साडी घ्यायची, वर्षातून एकदा आंबे पाठवायचे. आईने सही केली नाही. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, मुलाच्या निम्मा. दोन भाऊ आणि एक बहीण म्हणजे तिचा पाचवा भाग. ‘अल्लाहने दिलेलं मी कोणाला आणि का सोडू?’ एवढाच तिचा मुद्दा. मोठे मामा पाच वक्ताचे नमाजी. पाच वर्षं त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

इथे माझं मत स्पष्ट सांगते. शरियत वाचवायला रस्त्यावर येणारे आपण लोक बहिणीच्या हिश्श्याची वेळ आली की एकदम रिवाजाचे होतो. १९३७च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमातून शेतजमीन वगळलेली आहे, हे ज्यांना ठाऊक आहे तेही त्याबद्दल तक्रार करत नाहीत. ते वगळणं सोयीचं आहे. बहीण मात्र हिस्सा मागते तेव्हा ती लोभी ठरते. आईबद्दल ‘भावाच्या तोंडचा घास काढला’ असं म्हणणाऱ्या बायकाच जास्त होत्या, आणि त्यातल्या बहुतेकींनी स्वतः सह्या केलेल्या होत्या.

त्या पट्टीत आईने काय काय केलं! माडांच्या मध्ये पोफळी, पोफळींवर मिरीचे वेल, कडेला जायफळ आणि कोकम, विहिरीजवळ सोनचाफा आणि अळू. माडाच्या आळ्यात मीठ घालायची, मासळीचं धुवण ओतायची. शाळेतल्या मुलांना एकेक रोप नेमून द्यायची. आमच्या रेवदंड्यात शाळेच्या आवारात अफनासी निकितिनचं स्मारक आहे. हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात घोडा विकायला चौलला उतरला होता. प्रवासाच्या नोंदी लिहून ठेवल्या म्हणून त्याला दगड मिळाला, असं आई मुलांना सांगायची आणि रोपांच्या नोंदी ठेवायला लावायची.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आलं. दुपारनंतर वाडीत गेलो तर वाट सापडेना. तिच्या पट्टीतले सहा माड आणि चाळीस पोफळी आडव्या. सरकारने पुढे झाडामागे मदत ठरवली, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. म्हणजे तिचे साडेतीन हजार. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. पण पंचनाम्यात खातेदार म्हणून तिचं नाव होतं, पैसे तिच्या खात्यावर आले. मोहल्ल्यातल्या कितीतरी बायका, ज्यांनी जन्मभर वाडी शिंपली, त्या दिवशी नुसत्या बाजूला उभ्या होत्या. आईने पन्नास रुपयांत रोप आणि खड्ड्याची मजुरीसुद्धा निघत नाही, असं पत्र लिहिलं. तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. पावसाला जोर चढताच तिने तीस रोपं लावली. डब्यातलं ते शेवटचं पत्र.

आता त्याच पट्टीची वारसनोंद आमच्या दारात आली आहे. माझा एक भाऊ आणि मी. त्याचे दोन भाग, माझा एक. भाऊ चांगला आहे, आईचं शेवटचं आजारपण त्यानेच काढलं. गावातले लोक मला भेटले की विचारतात, सही कधी करतेस? त्याने अजून विचारलेलं नाही. गेल्या रविवारी आम्ही दोघं वाडीत गेलो होतो. त्या तीसपैकी बावीस पोफळी जगल्या आहेत. मोटारीचा पाइप फुटला होता, तो त्याने बदलला, मी आळी साफ केली, आणि आम्ही त्या कागदाबद्दल काही बोललो नाही.