तापल्या मुलखातला गारठा

पित्ताशयाचे, अपेंडिक्सचे किंवा गर्भपिशवीचे ऑपरेशन दुर्बिणीतून करायचे ठरले की कर्नाटकातल्या, महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या खजुरी-आळंदकडची माणसे कलबुर्गीची नाही तर सोलापूरची वाट धरतात. नातेवाईक खर्च विचारतात, टाके किती पडतील ते विचारतात, घरी कधी सोडणार ते विचारतात. ऑपरेशन चालू असताना रुग्णाच्या अंगाचे तापमान कोण मोजणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो अशा या भागात माणूस टेबलावर गारठेल, हे पटायला जड जाते. पण गारठतो. एसी चालू, अंग उघडे, पोटावर गार जंतुनाशकाचा हात. भूल चढली की रक्तवाहिन्या सैलावतात, आतले उष्ण रक्त हातापायांकडे पसरते आणि कुडकुडून ऊब धरण्याची ताकदही जाते. पहिल्या तासाभरातच शरीराचे आतले तापमान एक ते दीड अंशाने उतरू शकते. ते 36 अंश सेल्सिअसखाली गेले की धोक्याची हद्द सुरू होते.

छेद लहान म्हणून धोकाही लहान, हा समज चुकीचा आहे. पोट फुगवायला सोडतात तो कार्बन डायऑक्साइड सिलिंडरमधून गार आणि कोरडाठाक येतो. पोटातल्या ओल्या अस्तरावरचे पाणी त्यात उडून जाते आणि माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने रुग्ण गार पडतो. त्यात पोट धुवायला थंड सलाईन वापरले, तर विचारायलाच नको.

मग रुग्ण बाहेर येतो तो दातांवर दात वाजवत. 'भूल उतरतेय, थांबेल' असे सांगून नातेवाइकांची बोळवण होते. पण गारठलेल्या शरीरात रक्त गोठायला वेळ लागतो, भूल उशिरा उतरते, कुडकुडण्याने हृदयावर ताण येतो. मोठ्या आतड्याचे ऑपरेशन झालेल्या 200 रुग्णांवरचा अभ्यास 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उबदार ठेवलेल्यांपैकी 6 टक्क्यांच्या, तर गार पडलेल्यांपैकी 19 टक्क्यांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला. 2022 च्या एका मोठ्या चाचणीत 35.5 आणि 37 अंशांवर ठेवलेल्या रुग्णांत फारसा फरक आढळला नाही, हेही खरे. पण रुग्ण 35.5 वर थांबला की आणखी खाली घसरला, हे मोजल्याशिवाय कळणार कसे?

उपाय महागडे नाहीत. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2008 मध्येच ते सांगून ठेवले आहेत: ऑपरेशनआधीच अंग उबदार ठेवा, दर अर्ध्या तासाला तापमान नोंदवा, अर्धा लिटर किंवा अधिक सलाईन द्यायचे तर 37 अंशांपर्यंत गरम करून द्या, अर्ध्या तासाहून लांबणाऱ्या भुलीत गरम हवेचे पांघरूण घाला. गॅस तापवून ओलसर करणारी यंत्रेही निघाली आहेत, पण त्यांच्या फायद्याचा पुरावा तोकडा आहे. आधी थर्मामीटर आणि पांघरूण, यंत्राचे नंतर पाहू.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी 1990 मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले, त्याला तीन दशकांहून अधिक काळ लोटला. दुर्बीण आता जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली आहे. तापमानाची नोंदही तिच्यामागोमाग पोहोचलीच पाहिजे. कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही सरकारांनी आरोग्य योजनेतील रुग्णालयांना ती सक्तीची करावी. तोवर नातेवाइकांनी सही करण्याआधी भूलतज्ज्ञांना एवढेच विचारावे: तापमान मोजणार का, आणि पांघरूण कोणते घालणार?