शेजारचा ट्रंपेट

मुलांनो, सिल्लोडसारख्या गावातही आता फ्लॅटची घरे झाली आहेत. भिंतीपलीकडे कोणी बऱ्याच वर्षांनी पुन्हा ट्रंपेट वाजवू लागला, तर तुम्ही लगेच तक्रार कराल का? थोडे थांबा. ट्रंपेट ओठांच्या कंपनाने वाजतो. सराव सुटला की ओठांची ताकद कमी होते. ती रोजच्या सरावानेच परत येते. लग्नाच्या बँडमधील वादकाचे तर पोटच त्यावर असते. मात्र वादकानेही शेजारधर्म पाळावा. वाद्याच्या तोंडात म्यूट बसवला, की आवाज बराच कमी होतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ मानली आहे. तेव्हा वाद्य बंद ठेवावे. शेजारी कोणी आजारी असेल, कोणाची परीक्षा असेल, तर विचारून वेळ ठरवावी. माझ्या मते, वाद्य बंद करायला लावण्यापेक्षा वेळ ठरवून घेणे अधिक शहाणपणाचे आहे. तुम्हाला काय वाटते?