केसपेपर फुकट, चिठ्ठी मात्र बाहेरची



१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण व जिल्हा रुग्णालयांत केसपेपर, तपासणी व औषधोपचार निःशुल्क केले. निर्णय चांगलाच. मात्र नागपूरचे मेडिकल आणि मेयो पडले वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, त्यामुळे ते या निर्णयात बसले नाहीत. आता खाते कोणते, हे रोग्याला काय ठाऊक? मौद्याहून एस.टी.त बसलेला आपला माणूस 'सरकारी दवाखान्यात' निघालेला असतो.

अन् खरं सांगायचं तर केसपेपरच्या पैशाने कोणी बुडत नाही. बुडवते ती बाहेरची चिठ्ठी. "हे औषध संपलंय, समोरच्या दुकानातून आणा." या एका वाक्याची फी कोणत्याच दरपत्रकात नसते. ऊसबिलातून रुपया कापला तरी आपण विचारतो, ही कपात कशाची, ठराव कुठाय? दवाखान्यातली कपात मात्र मुकाट्याने सोसतो. इंग्लंडात १९५२ साली सरकारी औषधांच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आकार बसवला, पुढे वेल्सने तो २००७ साली काढून टाकला. तिथे निदान आकार किती, हे आधी कळत तरी होते.

औषध संपते ते खरेदीच्या घोळामुळे. २०१७ साली राज्याने ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली, ती रेंगाळली, अन् २०२३ साली वेगळ्या प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. तामिळनाडूने असे स्वतंत्र महामंडळ १९९४ सालीच उभे केले होते. आलेला माल तरी खरा असावा! आपल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या बनावट निघाल्या; २०२४ च्या आरोपपत्राप्रमाणे त्यांत टाल्कम पावडर आणि स्टार्च होते.

आरोग्य केंद्रांना व ग्रामीण रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते. गावचे जे पुढारी तिच्यावर आहेत त्यांनी दोनच गोष्टी धरून बसावे. औषधसाठ्याचा फलक दर आठवड्याला दारात लागावा. आणि बाहेरची चिठ्ठी द्यायचीच झाली तर तिच्यावर 'साठा नाही' असे लिहून सही व्हावी. सही करायची म्हटली की निम्म्या चिठ्ठ्या आपोआप थांबतील, असे आमचे मत आहे.

तोवर ती चिठ्ठी आणि दुकानाचे बिल फेकू नका. काट्याची पावती जपता तशी जपा, आणि पुढच्या ग्रामसभेला सोबत आणा.